नर्सिंगची नोकरी सोडली, शेवटचा पगार अडकलाय. सोडून देऊ की मागे लागू?

नाईट_ड्युटी (धागाकर्ती) · १० जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), आयसीयूत काम. सोलापुरातल्या एका चाळीस बेडच्या खासगी हॉस्पिटलात तीन वर्षं चार महिने होते. नाव लिहिणार नाही, तुम्हीही कृपया तर्क लढवू नका. पगार १७,५००. त्यातले १२,००० बँकेत यायचे, ५,५०० पाकिटातून रोख. नेमणूकपत्र वगैरे काही नाही. लागले तेव्हा पहिल्या पाच पगारांतून हजार-हजार कापून 'डिपॉझिट' ठेवून घेतलं. 'व्हेरिफिकेशनला पाहिजे' म्हणून नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं ओरिजिनल प्रमाणपत्रही घेतलं, ते परत आलंच नाही.

१ जूनला राजीनामा लिहून इन्चार्ज सिस्टरच्या हातात दिला. महिनाभर थांबायची तयारी होती. पण १८ जूनच्या रात्री सहा पेशंट, त्यात दोन व्हेंटिलेटरवर, आणि मी एकटी. जोडीच्या सिस्टरला वरच्या मजल्यावर पाठवलेलं. पहाटे एका आजोबांचं सॅच्युरेशन उतरत चाललेलं आणि शेजारच्या बेडचा सिरिंज पंप (औषध हळूहळू सोडणारं मशीन) विनाकारण बोंबलत होता. वॉर्डबॉय मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही फक्त आजोबांचा हात धरून उभे राहा, मी आले." आजोबा निभावले. सकाळी हँडओव्हर दिला, घरी आले, बूट काढले आणि परत गेलेच नाही.

अडकलेले पैसे: मे महिन्याचा पूर्ण पगार १७,५००, जूनचे १८ दिवस १०,५००, डिपॉझिट ५,०००. एकूण ३३,०००.

मॅनेजर म्हणतात नोटीस पूर्ण केली नाही म्हणून एक पगार कट. त्या रात्री पंप बिघडला त्याचे ८,००० कट. उरलेल्याचं 'बघू'. अनुभवाचा दाखला आणि प्रमाणपत्र 'सगळं क्लिअर झाल्यावर'. आत्तापर्यंत चार चकरा झाल्या. केबिनबाहेरच्या बाकावर औषध कंपन्यांच्या एम.आर. लोकांच्या रांगेत बसवतात, दीड-दोन तासांनी आतून निरोप येतो, सर मीटिंगमध्ये आहेत.

घरचे म्हणतात सोड, सोलापूर केवढंसं, सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, दुसरीकडे कोण घेणार नाही. कोणी असे पैसे खरंच काढलेत का?

शेंगाचटणी · ११:५२

सोडायचं नाही. रुमाल टाकून ठेवतो, सकाळी सविस्तर.

कंबरतलाव · ११:५८

३३ हजार म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात किती वेळा बसता येईल याचा हिशोब करतोय. गंमत सोडा ताई, पैसे तुमचे आहेत. हॉस्पिटलचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात तसे सोलापुरात पेशंटही एकमेकांना ओळखतात.

हुतात्मा_विंडोसीट · ११ जुलै, सकाळी ७:१५

पुण्यात आमच्याकडे असं काही झालं की सरळ एचआरला मेल टाकायचा, सीसीत वरचे दोघं. आणि सोशल मीडियावर नाव घेऊन पोस्ट करा, दोन तासांत फोन येतो.

शेंगाचटणी · ७:४०

एचआर? चाळीस बेडच्या दवाखान्यात एचआर म्हणजे डॉक्टरांचा मेव्हणा असतो. त्यालाच सीसी, त्यालाच बीसीसी.

निवृत्त_सिस्टर · ९:०५

बाळ, मी सिव्हिलमधून निवृत्त झाले. सरकारी नोकरी, त्यामुळे पगार बुडाला नाही कधी. पण माझ्या हाताखाली शिकून खासगीत गेलेल्या निदान वीस मुलींचं हेच ऐकलंय. म्हणून कायद्याचं नाही, आपल्या धंद्यातलं सांगते.

आपण आयसीयूत काय शिकलो? लिहिलं नाही तर केलं नाही. इंजेक्शन दिलं, चार्टवर चढवलं नाही, तर ते दिलंच नाही असं धरतात. पगाराचंही तसंच. तू चार चकरा मारल्यास, त्याचा एक तरी कागद आहे का? राजीनामा हातात दिलास, पोच घेतलीस का? नाही ना. आता यापुढे तोंडी काही नाही. जे बोलायचं ते लिहून द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यायची. पोच देत नसतील तर पोस्टाने.

आणि त्या बाकावर परत बसायचं नाही. तो बाक तुला दमवायलाच ठेवलाय.

पंपाचं एक सांग. त्याची तक्रार आधी कुठं नोंदवली होती का? रिपोर्ट बुकात? मशीन दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकलवाल्याला?

काळा_कोट · ११:२०

सोलापूर कोर्टात वकिली करतो, कामगारांच्या बाजूची प्रकरणं जास्त. धागा नीट वाचला. थोडं लांबेल.

आधी पगार. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. तुमच्यासाठी यातला मोठा फरक असा की जुन्या कायद्यात मालकाने काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब करायचा होता, राजीनामा दिलेल्याचं त्यात नाव नव्हतं. संहितेच्या कलम १७ मध्ये राजीनामाही आलाय. सोडलं की दोन कामाच्या दिवसांत पैसे. आणि मेचा पगार तर तसाही ७ जूनच्या आत यायला हवा होता, त्याचा तुमच्या नोटिशीशी संबंधच नाही. जुना कायदा २४,००० पगारापर्यंतच्यांना होता, संहितेत ती मर्यादा नाही.

कपात: मालकाला वाटेल ते कापता येत नाही. कशासाठी कापता येतं याची यादी कायद्यात आहे. तुमच्या ताब्यात दिलेली वस्तू तुमच्याच हलगर्जीपणामुळे बिघडली असेल तर कापता येतं, पण आधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तशी दिली? आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. 'एक पगार कट' ही भाषा तिथेच फसते. नोटीस महिन्याची, असं कुठल्या कागदावर लिहिलंय? नेमणूकपत्रच नाही म्हणता. नेमणूकपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे, ते दिलं नाही ही त्यांची चूक.

मुदत: दावा करायला तीन वर्षं. पूर्वी एकच होतं. आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, दिला नाही हे तुमच्यावर नाही. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. लावतातच असं नाही, पण मॅनेजरला हे माहीत असलेलं बरं.

खरी अडचण वेगळी आहे. ते म्हणणार पगार १२,००० च होता. पाकिटातल्या ५,५०० चा पुरावा काय?

नाईट_ड्युटी · दुपारी १:३०

वकीलसाहेब, काकू, खूप आभार. दोन गोष्टी.

पंपाचं: पंप नंबर ३. ४ जूनला आयसीयूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकलं होतं, 'पंप ३ पुन्हा विनाकारण वाजतोय, बायोमेडिकलला कळवा.' मॅनेजरनी त्यावर 'ठीक'चा अंगठा टाकलाय. मला ग्रुपमधून काढलं पण जुनं बोलणं फोनमध्ये आहे.

पाकिटांचं: हसू नका. खाकी पाकिटं मी फेकली नाहीत. अकाउंटंट प्रत्येकावर पेनाने नाव, महिना आणि रक्कम लिहायचे. आईला सवय आहे, रिकामं पाकीट, दोरी, रबर काही टाकत नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. आत्ता मोजली, सदतीस. दोन-तीन गहाळ आहेत.

कंबरतलाव · १:३४

आईला साष्टांग नमस्कार सांगा.

काळा_कोट · १:४१

सदतीस! अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं. डबा कुणाच्या हातात देऊ नका. आजच्या आज प्रत्येक पाकिटाचा फोटो काढा. ग्रुपचं बोलणं एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

छोटा_दवाखाना · दुपारी ३:१०

मी डॉक्टर आहे, १५ बेडचा दवाखाना आहे, सोलापूरजवळच्या तालुक्याच्या गावी. शिव्या पडणार हे माहीत असून लिहितोय.

पगार अडवणं चूकच. माझा त्याला पाठिंबा नाही. पण दुसरी बाजूही बघा. सरकारी योजनेचे आणि विमा कंपन्यांचे क्लेम महिनोन् महिने अडकतात, ऑक्सिजनवाला मात्र रोख मागतो. आणि नोटीस ही मालकाच्या लाडासाठी नसते, पेशंटसाठी असते. आयसीयूची सिस्टर एका सकाळी येईनाशी झाली तर रात्रीचं रोटेशन कोण लावणार? माझ्याकडे गेल्या वर्षी दोघी एकाच आठवड्यात गेल्या, एकीने फोनही उचलला नाही. मी आणि माझी बायको आठ रात्री जागलो. 'डिपॉझिट' लोक त्या भीतीनेच ठेवतात.

निवृत्त_सिस्टर · ३:५५

डॉक्टर, तुम्ही जागलात म्हणून तुम्हाला बोलायचा हक्क आहे, मानते. पण ही मुलगी पळाली नाही. १ तारखेला लिहून दिलं, १८ रात्री त्यानंतर केल्या, सकाळी हँडओव्हर दिला. दोन व्हेंटिलेटरवर एक सिस्टर हे रोटेशन कुणी लावलं होतं? पेशंटसाठी नोटीस असते तर पेशंटसाठी दुसरी सिस्टरही असते.

छोटा_दवाखाना · ४:२०

हे मान्य. एकटीला ठेवायला नको होतं.

शेंगाचटणी · ४:२५

इतिहासात नोंद घ्या, या संस्थळावर कोणीतरी 'मान्य' म्हणाला.

पूर्वभाग · संध्याकाळी ६:४५

मी नर्स नाही, बँकेत आहे. पण पंपाचे ८,००० वाचून राहवलं नाही.

माझी आई विडी वळायची. आमच्या भागात तेव्हा घरटी एक तरी बाई वळायचीच. तेंदूची पानं रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप. हजार विड्यांवर मजुरी. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर विड्या उचलून बाजूला टाकायचा. छाट. पान खराब, बांधणी ढिली, कारण काही का असेना. छाटलेल्याचे पैसे नाहीत, आणि विड्या मात्र परत द्यायचा नाही. मी लहानपणी आईला विचारलं होतं, खराब आहेत तर ते ठेवून का घेतात? आईने माझा हात दाबला, गप म्हणून.

हॉस्पिटलनी ताईंची छाट काढलीय, बाकी काही नाही. पंप बिघडलेलाच होता, आठ हजार छाटले, आणि पंप आजही तिथं चालूच असणार बघा.

नाईट_ड्युटी · ७:०२

पूर्वभाग, आईला विचारलं. ती म्हणाली, "छाटच की ही." तीही वळायची. आणि पंप चालू आहे, हॉस्पिटलातल्या मावशींनी सांगितलं.

हुतात्मा_विंडोसीट · ७:३०

माझा एचआरचा सल्ला मागे घेतो. पण एक ऐकलेलं: सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून २०१६ मध्ये खासगी नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमली होती ना? त्यात पन्नासपेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटललाही किमान २०,००० म्हटलं होतं. मग १७,५०० कसे?

काळा_कोट · ८:१०

बरोबर आहे. डॉ. जगदीश प्रसाद समिती. २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्क्यांपर्यंत कमी, आणि ५० च्या खाली निदान २०,०००. पण त्या शिफारशी आहेत, त्यावर राज्यांनी कायदा करायचा होता. दाव्यात त्या २,५०० च्या फरकाच्या मागे लागू नका, मूळ दावा पातळ होतो. १२ तासांच्या रात्रींचा ओव्हरटाइम दुप्पट दराने मागता येतो, पण तेही रोटेशनचे कागद असतील तेवढ्याचंच. हातात पाकिटं आहेत, पाकिटांवर लढा.

सात_वर्षं · ९:१५

धागा पळवते, माफ करा. मी दुसऱ्या एका ठिकाणी सात वर्षं आहे, पुढच्या महिन्यात सोडणार. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर म्हणाले ते फक्त सरकारीला असतं.

काळा_कोट · ९:४०

साफ खोटं. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पाच वर्षं सलग झाली असतील तर मिळते. शेवटच्या पगाराला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग वर्षांनी गुणा. हिशोबाचा पगार १८,२०० धरला तर दिवसाचे ७००, पंधरा दिवसांचे १०,५००, सात वर्षांचे ७३,५००. अर्ज लेखी करा, पोच घ्या. धागाकर्तीला तीन वर्षं चार महिनेच झालीत, म्हणून तिचा विषय काढला नाही.

सात_वर्षं · ९:४४

७३,५००??? मला दोन वेळा मोजावं लागलं.

कंबरतलाव · ९:५०

१२ मे ला नर्स दिनाचं गुलाबाचं फूल आणि सामोसा मिळतो की तुम्हाला, आणखी किती पाहिजे?

निवृत्त_सिस्टर · १०:०५

ते फूल पण पेशंटच्या नातेवाइकांनी आणलेल्या बुकेतलं असतं हो. पूर्ण अवांतर: आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, त्यांनी लग्न केलं ते तिथं नर्सिंग शिकवणाऱ्या मुलीशी. दवाखान्यात कुणी 'सिस्टरचं काम म्हणजे सेवा' असं म्हणून पगार अडवला की मी कोटणीसांचं नाव काढायची. सेवा त्यांनीही केली, पण बरोबरीच्या माणसाला बरोबरीने वागवलं. अवांतर समाप्त.

नाईट_ड्युटी · १२ जुलै, सकाळी १०:००

पत्र लिहायला बसलेय. चार पानं झाली. त्यात त्या रात्रीचं सगळं लिहिलंय.

काळा_कोट · १०:३५

चार पानं फाडा. एक पान. कधी लागले, कधी राजीनामा दिला, शेवटची ड्युटी कोणती. मग तीन रकमा ओळीने आणि बेरीज. मग, सात दिवसांत रक्कम बँक खात्यात आणि मूळ प्रमाणपत्र व अनुभवाचा दाखला द्यावा, नाहीतर कामगार कार्यालयात दावा करेन. रोख घेणार नाही हे स्पष्ट लिहा. पंपाबद्दल एकच वाक्य: ४ जूनला तक्रार कळवली होती. राग, रात्र, आजोबा काही नको. मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवायचा त्यांना काही अधिकार नाही, त्यावर मात्र एक वाक्य ठणकावून.

आणि 'तुम्ही कन्सल्टंट होता' असं कधी म्हणाले होते का? पीएफ नव्हता म्हणून विचारतो.

नाईट_ड्युटी · ११:१०

हो! पीएफ विचारला की तेच म्हणायचे.

पूर्वभाग · ११:२५

मग आयकराच्या साइटवर जाऊन २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचं पत्रक) काढा. कन्सल्टंट म्हणून वर्षाला १,४४,००० दिले असतील तर त्यावर १० टक्के टीडीएस कापलेला दिसायला हवा. दिसला नाही तर त्यांचं त्यांनाच कळलेलं नाही की तुम्ही कोण.

नाईट_ड्युटी · दुपारी १२:०२

कोरं आहे. काहीच नाही.

काळा_कोट · १२:१०

रोटेशन त्यांचं, रजा त्यांना विचारून, ठरलेला पगार. नाव काहीही द्या, कर्मचारीच. प्रिंट काढून ठेवा.

लाल_डबा · १२:४०

रजिस्टर एडी करा. आमच्या वेळी त्या गुलाबी पोचपावतीला कोर्टात सोन्याचा भाव होता.

पूर्वभाग · १२:५५

काका, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करायचं आणि खिडकीवर नोंदणी व पोच पाहिजे म्हणून सांगायचं.

लाल_डबा · १:००

अरेरे. आणि मला कोणी सांगितलं नाही.

नाईट_ड्युटी · २२ जुलै, दुपारी ४:१२

तातडीचं. पत्र पोचलं. आज फोन करून बोलावलं, मी आत्ता तिथंच आहे. १७,५०० रोख टेबलावर ठेवलेत. स्टॅम्प पेपरवर टाइप केलंय, सही करा आणि प्रमाणपत्रही घेऊन जा म्हणतात. मी 'बाहेर फोन करून येते' म्हणून जिन्यात आलेय. काय करू?

शेंगाचटणी · ४:१३

सही नको!!

निवृत्त_सिस्टर · ४:१४

पूर्ण वाच आधी. शेवटचं वाक्य काय आहे?

नाईट_ड्युटी · ४:१६

'माझे हॉस्पिटलकडे कोणतेही येणे बाकी नाही व सिरिंज पंपाचे नुकसान माझ्याकडून झाले हे मला मान्य आहे.'

काळा_कोट · ४:१९

कोर्टातून लिहितोय. सही करायची नाही. "वकिलांना दाखवते, प्रत द्या" एवढंच म्हणा. प्रत देणार नाहीत, हरकत नाही. वाद घालू नका, आवाज चढवू नका, निघा.

कंबरतलाव · ४:३१

ताई? हिकडं सगळे फोन धरून बसलोय. मॅनेजरनी विचारलं काय करलालाव, तर सांगा हिशोब करलालोय.

नाईट_ड्युटी · ५:०५

घरी आले. सही नाही केली. नोटांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं पण बघितलं. पाचशेच्या नोटा होत्या, रबर लावलेल्या. नवीन जागी एक तारखेपासून घेतो म्हणालेत, दाखला आणा म्हणतात. सही केली असती तर आज दाखला हातात होता. रस्ताभर तेच डोक्यात.

निवृत्त_सिस्टर · ५:२०

शाब्बास पोरी. नवीन ठिकाणी सांग, दाखल्याचा पत्रव्यवहार चालू आहे, आणि पोस्टाच्या पोचेची झेरॉक्स दे. समजूतदार असतील तर चालेल.

छोटा_दवाखाना · ५:४८

नवीन जागेवाल्यांनी विचारलं तर एक डॉक्टर म्हणून सांगतो: आयसीयू केलेली, हँडओव्हर देऊन जाणारी सिस्टर दाखल्यावाचून मी तरी परत पाठवणार नाही. आमच्याकडे या म्हणणार होतो, पण १५ बेड, तुम्हाला कंटाळा येईल.

काळा_कोट · ६:३०

उद्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात दावा. पत्र, पोच, पाकिटांचे फोटो, बँक पासबुक, ग्रुपचं बोलणं, २६एएस. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे फार जणींना माहीत नसतं. हेल्पलाइन १५१००. मी मुद्दाम 'मी घेतो' म्हणत नाही, इथं ओळख काढून पक्षकार मिळवले असं व्हायला नको.

नाईट_ड्युटी · १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

अपडेट द्यायला उशीर झाला, नवीन ठिकाणी पुन्हा नाईटच लागलीय (पण दोघी असतो).

कार्यालयातून हॉस्पिटलला नोटीस गेली. पहिल्या तारखेला कोणी आलंच नाही. दुसऱ्या तारखेला मॅनेजर आणि अकाउंटंट दोघे आले, पगाराचं रजिस्टर घेऊन. त्यात दर महिन्याला १२,००० आणि माझी सही. सही माझीच होती, ते खोटं नाही. मॅनेजर म्हणाले रोख वगैरे काही नव्हतं, या सिस्टरच्या मनाचं आहे.

मी पिशवीतून डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं, निघेना. कामगार कार्यालयाच्या साहेबांनीच पट्टीने उचकटून दिलं. पाकिटं त्यांनी महिन्यावार टेबलावर मांडली, टेबल पुरलं नाही म्हणून दोन ओळी केल्या. मग अकाउंटंटना विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" अकाउंटंट काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीन वर्षं त्यांनी मला पाकीट देताना 'मोजून घ्या सिस्टर' म्हटलंय. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी म्हणाले, "माझंच आहे साहेब."

पुढच्या आठवड्यात २८,००० खात्यावर आले. प्रमाणपत्र आणि दाखला मिळाला. दाखल्यात 'सेवा समाधानकारक' लिहिलंय. पंपाचा विषय ग्रुपचं बोलणं दाखवल्यावर त्यांनीच सोडला.

डिपॉझिटचे ५,००० बाकी आहेत. त्याची नोंदच नाही म्हणतात. २६ तारीख दिलीय.

शेंगाचटणी · ९:३३

पार्टी! नवी पेठेत, कडक भाकरी आणि माझ्या नावाची चटणी.

पूर्वभाग · ९:५०

पाच हजारासाठी जाणार ना? पासबुकात पहिल्या पाच महिन्यांत १२,००० ऐवजी ११,००० आलेले दिसतील, बघा. नाहीतर पाकिटावर कमी आकडा असेल.

नाईट_ड्युटी · १०:२०

पूर्वभाग!! पाकिटावर आहे. पहिल्या पाचांवर ४,५००, सहाव्यापासून ५,५००. मी सदतीस वेळा बघूनही माझ्या लक्षात आलं नाही.

काळा_कोट · १०:२६

बँकवाल्यांना सलाम. २६ ला ती पाच पाकिटं वेगळी रबर लावून न्या.

नवीन_सभासद_४४ · २५ ऑगस्ट, रात्री १२:५०

आजच आयडी काढला. ताई, मी बहुतेक तिथलीच आहे, पंप ३ वरून ओळखलं. तो अजून वाजतो. माझा जुलैचा पगार झाला नाही. पाकिटं मी फेकत आले.

नाईट_ड्युटी · २६ ऑगस्ट, पहाटे ५:१५

आत्ता ड्युटीवर आहे, सहाला हँडओव्हर, मग अकराला तारीख. तुला दुपारी निरोप करते. तोवर एवढंच कर, पुढचं पाकीट मिळालं की फेकू नकोस, आणि राजीनामा द्यायच्या आधी ग्रुपचं बोलणं स्वतःला मेल करून ठेव.